वाघांचा संघ कुणाचा?

मुलांनो, 'ज्याची बॅट त्याची बॅटिंग' हा नियम तुम्हाला कुणी शिकवावा लागला का? नाही ना! गल्लीत खेळायला लागलं, की तो आपोआप कळतो. बॅटचा मालक पहिल्याच चेंडूवर बाद झाला, तरी 'ट्रायल बॉल होता' म्हणून पुन्हा उभा राहतो. सगळ्यांनी आरडाओरडा केला, की स्वारी बॅट काखोटीला मारून सरळ घरी निघते. मग बाकीचे दहा-बारा जण नुसतेच एकमेकांकडे बघत उभे. खेळाडू आहेत, चेंडू आहे, मैदान आहे, उजेडही भरपूर आहे. पण खेळ मात्र संपला!

आता कल्पना करा, ही गोष्ट गल्लीतल्या संघाची नसून एका फार मोठ्या फुटबॉल संघाची आहे. त्याचे सामने बघायला चाळीस-चाळीस हजार माणसं जमत. त्यानं आशिया खंडाचं अजिंक्यपद एकदा नाही, दोनदा मिळवलं. आणि तरीही एके दिवशी तो संघ चक्क नाहीसा झाला! ही गोष्ट खरी आहे बरं का. ती चीनमधल्या ग्वांगझू शहरात घडली.

ग्वांगझू हे नाव तुमच्या आई-बाबांना आठवत असेल. २०१० सालच्या आशियाई क्रीडा स्पर्धा तिथंच झाल्या. आपली नाशिककडची कविता राऊत तिथं दहा हजार मीटर धावली आणि रुपेरी पदक घेऊन आली. दक्षिण चीनमधलं, हाँगकाँगच्या जवळचं, पर्ल नदीच्या काठी वसलेलं हे जुनं व्यापारी बंदर. जुन्या पुस्तकांत त्याचा उल्लेख 'कॅन्टन' असा सापडतो.

या शहराचा फुटबॉल संघ १९५४ साली तयार झाला. पण तेव्हा त्याला 'क्लब' म्हणता आलं नसतं. त्या काळी चीनमध्ये खेळाचा सगळा कारभार सरकारकडे होता. खेळाडूंचं राहणं, जेवण, सराव सारं काही सरकारी. संघ शहराचा, आणि शहर सरकारचं. तिकिटं विकून नफा मिळवायचा, खेळाडू विकत घ्यायचे, असला काही प्रकारच नव्हता.

मग दिवस बदलले. चीननं आपली दारं व्यापाराला उघडली, आणि ग्वांगझू तर व्यापारात सगळ्यांच्या पुढं. १९८४ साली तिथला बाययुनशान नावाचा औषधांचा कारखाना संघाला पैसे द्यायला पुढं आला. कंपनीच्या मदतीवर चालणारा चीनमधला हा पहिलावहिला फुटबॉल संघ! पुढं १९९३ मध्ये आणखी एक पाऊल पडलं. शक्तिवर्धक पेयं बनवणाऱ्या एका कंपनीनं शहराच्या क्रीडा खात्याबरोबर भागीदारी केली आणि संघाचा रीतसर क्लब झाला. कंपनीचं नाव होतं 'सूर्यदेव', म्हणून संघाचं नावही 'ग्वांगझू सूर्यदेव'! १९९४ साली चीनमध्ये व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा पहिल्याच मोसमात या संघानं दुसरा क्रमांक पटकावला.

इथं एक गंमत लक्षात घ्या. ज्या कंपनीचा पैसा, तिचं नाव संघाला. पैसे देणारा बदलला, की नाव बदललं. १९९८ मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला आणि मग तर पाहुण्यांसारख्या कंपन्या आल्या आणि गेल्या. मोटारी बनवणारी जिली ही कंपनी २००१ मध्ये आली आणि त्याच वर्षी निघूनही गेली! पुन्हा एक औषध कंपनी आली. तिच्या काळात, २००७ साली, संघानं दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद मिळवून वरच्या श्रेणीत पुनरागमन केलं. शहरात आनंदीआनंद झाला.

पण तो फार दिवस टिकला नाही. चीनच्या फुटबॉलमध्ये सामने आधीच 'ठरवण्याची' कीड लागली होती. पैसे देऊन निकाल विकत घ्यायचे, असा तो धंदा. पोलिसांनी चौकशी केली, तेव्हा २००६ सालच्या एका प्रकरणात ग्वांगझूच्या संघाचंही नाव निघालं. शिक्षा काय, तर फेब्रुवारी २०१० मध्ये संघाची पुन्हा खालच्या श्रेणीत रवानगी. औषध कंपनीनं अंग काढून घेतलं. संघ पोरका झाला.

आणि इथं आपल्या गोष्टीत 'बॅटचा मालक' येतो.

एव्हरग्रांद ही ग्वांगझूमध्येच १९९६ साली सुरू झालेली, घरं बांधून विकणारी कंपनी. तिचे मालक शू जियाइन. या कंपनीनं मार्च २०१० मध्ये १० कोटी युआन (युआन म्हणजे चीनचं चलन) मोजून संघ विकत घेतला. आता बघा हं काय झालं. संघ दुसऱ्या श्रेणीत असताना मुरिकी हा ब्राझीलचा चपळ आघाडीपटू आणला. त्याच वर्षी संघ पहिला येऊन वर चढला. २०११ मध्ये अर्जेंटिनाचा दारिओ कोंका आला, आणि जगातल्या सर्वांत जास्त पगार घेणाऱ्या फुटबॉलपटूंत त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं. नुकताच वर आलेला हा संघ त्याच मोसमात चीनचा अजिंक्य संघ झाला! २०१२ मध्ये प्रशिक्षक म्हणून कोण यावं? मार्चेल्लो लिप्पी! २००६ साली इटलीला विश्वचषक जिंकून देणारे तेच लिप्पी.

संघाचं टोपणनाव होतं 'दक्षिण चीनचे वाघ'. २०१३ साली या वाघांनी आशियाई चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत धडक मारली. समोर दक्षिण कोरियाचा एफसी सोल. सामने दोन, एक त्यांच्या मैदानावर, एक आपल्या. सोलमध्ये २-२ अशी बरोबरी झाली. ९ नोव्हेंबरच्या रात्री ग्वांगझूच्या तियानहे स्टेडियमवर पुन्हा बरोबरी, १-१. म्हणजे एकूण ३-३. मग जिंकलं कोण? तेव्हा असा नियम होता, की एकूण गोल सारखे झाले, तर परक्या मैदानावर केलेल्या गोलांचं वजन जास्त. ग्वांगझूनं सोलमध्ये दोन गोल केले होते, सोलनं ग्वांगझूत एकच. झालं! चषक ग्वांगझूचा! चीनच्या संघानं आशियातली सर्वोच्च क्लब स्पर्धा जिंकल्याला तब्बल तेवीस वर्षं होऊन गेली होती. कर्णधार झेंग झी त्या वर्षी आशियाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, दुबईच्या अल अहलीला हरवून वाघांनी हाच चषक पुन्हा जिंकला. दोन्ही वेळा घरच्या मैदानावर एल्केसन या ब्राझीलच्या खेळाडूनं गोल केला. हा एल्केसन पुढं चीनचा नागरिकच झाला आणि २०१९ पासून चीनच्या राष्ट्रीय संघातून खेळला. चीनच्या लीगमध्ये तर २०११ ते २०१७ अशी ओळीनं सात वर्षं आणि पुन्हा २०१९ मध्ये, एकूण आठ विजेतेपदं!

आता जरा वही-पेन्सिल घ्या. २०१० मध्ये अख्खा संघ १० कोटी युआनला मिळाला होता. २०१४ मध्ये अलिबाबा या बड्या कंपनीनं त्यातला अर्धा वाटा घेतला, १२० कोटी युआनला. अर्ध्याची किंमत १२० कोटी, तर पूर्ण संघाची किती? २४० कोटी. म्हणजे चार वर्षांत किंमत चोवीस पट! कुणीही म्हणेल, वा, काय फायद्याचा धंदा आहे!

पण किंमत वेगळी आणि कमाई वेगळी, हे आधी समजून घेऊ या. फुटबॉल क्लबला पैसे मिळतात कुठून? सामन्यांची तिकिटं, टीव्हीवरचं प्रक्षेपण, जाहिराती, संघाच्या जर्सींची विक्री, शिवाय एखादा खेळाडू दुसऱ्या क्लबला विकला तर त्याचे पैसे. या संघानं एकदा तसं केलंही. पाउलिन्यो या ब्राझीलच्या खेळाडूला २०१७ मध्ये ४ कोटी युरोंना बार्सिलोनाला विकलं. पण त्याच्याच आदल्या वर्षी हॅक्सन मार्तिनेस या कोलंबियाच्या खेळाडूसाठी ४ कोटी २० लाख युरो मोजले होते, आणि दुखापतींमुळे तो खेळला अगदी मोजके सामने. एकूण हिशेब मांडला, तर दरवर्षी जमेपेक्षा खर्च कितीतरी जास्त. २०१९ मध्ये संघ अजिंक्य ठरला, आणि त्याच वर्षीचा तोटा होता दीडशे कोटी युआनहून अधिक! जिंकतोय, पण बुडतोय, अशी अवस्था.

मग ही तूट भरायचं कोण? अर्थातच मालक कंपनी. तिला त्यात काय मिळे? नाव! सामना जिंकला, की घराघरात 'एव्हरग्रांद'चा गजर. त्यातून तिची घरं विकायला मदत होई. आणि खुद्द कंपनी कशावर चालत होती? मोठ्या प्रमाणात कर्जावर. कर्ज काढायचं, जमीन घ्यायची, घर बांधून होण्याआधीच ते लोकांना विकायचं, आलेल्या पैशांतून पुढची जमीन घ्यायची. घरांच्या किमती चढत आहेत, तोवर हे चक्र मजेत फिरतं. २०२० मध्ये चीनच्या सरकारनं अशा कंपन्यांच्या कर्जावर बंधनं घातली, घरांचा बाजारही थंडावला, आणि चक्र अडकलं. तेव्हा कळलं, की कंपनीच्या डोक्यावर ३० हजार कोटी डॉलरहून अधिक देणं आहे. ही रक्कम रुपयांत करायचा प्रयत्न करू नका, वहीत शून्यं मावायची नाहीत!

गंमत म्हणा किंवा दुर्दैव, त्याच २०२० च्या एप्रिलमध्ये संघाच्या नव्या स्टेडियमचं भूमिपूजन झालं होतं. आकार उमललेल्या कमळासारखा, प्रेक्षक बसणार एक लाख, खर्च १,२०० कोटी युआन. ते कमळ काही उमललं नाही. काम थांबलं आणि २०२२ मध्ये ती जमीनही परत गेली.

संघाचं काय झालं, ते तुम्ही ओळखलंच असेल. कॅनव्हारो हे इटलीचे नामांकित प्रशिक्षक २०२१ मध्ये गेले. मोठे खेळाडू एकेक करून गेले. नावातून कंपनीही गेली. २०२१ पासून क्लबच्या नावात कंपनीचं नाव नको, असा नियमच चीनच्या फुटबॉल संघटनेनं केला होता. संघ पुन्हा नुसता 'ग्वांगझू' झाला. २०२२ च्या मोसमात तो हरत हरत खालच्या श्रेणीत गेला.

दोस्तांनो, इथपर्यंतची गोष्ट बहुतेक सगळे सांगतात. श्रीमंती आली, श्रीमंती गेली, संघ बुडाला, तात्पर्य अमुक-तमुक. पण मला स्वतःला या गोष्टीत सर्वांत जास्त जिव्हाळा वाटतो, तो त्यानंतरच्या दोन वर्षांबद्दल.

कारण संघ लगेच संपला नाही! तो खेळत राहिला. एव्हरग्रांदनं २०१२ मध्ये ग्वांगझूजवळच्या छिंगयुआनमध्ये एक अवाढव्य फुटबॉल शाळा काढली होती. युरोपातल्या जुन्या किल्ल्यासारखी तिची इमारत, पन्नासच्या आसपास मैदानं, स्पेनहून आलेले प्रशिक्षक. तुमच्याच वयाची मुलं तिथं वह्या-पुस्तकांबरोबर फुटबॉल शिकत. नामांकित खेळाडू निघून गेल्यावर संघाची मदार आली ती तरुण पोरांवर. ना लिप्पी, ना कोंका. समोर दर आठवड्याला एक नवा सामना, आणि मागं जुन्या कर्जाचा डोंगर. आणि २०२४ साली याच पोरांनी दुसऱ्या श्रेणीत तिसरा क्रमांक मिळवला. वर चढायची संधी होती पहिल्या दोघांना. म्हणजे अगदी थोडक्यात हुकलं!

पुढच्या वर्षी नक्की, असं त्यांनी मनाशी ठरवलं असेल, नाही? पण ६ जानेवारी २०२५ रोजी चीनच्या फुटबॉल संघटनेनं नव्या मोसमात खेळायला परवानगी मिळालेल्या क्लबांची यादी जाहीर केली. त्यात ग्वांगझूचं नाव नव्हतं. क्लबनं पाठीराख्यांची माफी मागितली. मागच्या काळातलं देणं फारच मोठं होतं आणि ते फेडण्यापुरते पैसे उभे राहिले नाहीत, असं त्यांनी सांगितलं. एकाहत्तराव्या वर्षी संघ बंद!

या पोरांनी काय चूक केली होती, सांगा पाहू? कर्ज त्यांनी काढलं नव्हतं. चार कोटींचे खेळाडू त्यांनी आणले नव्हते. कमळाचं स्वप्न त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी फक्त मन लावून खेळ केला. तरीही मैदान सुटलं ते त्यांचंच.

म्हणून मला प्रश्न पडतो, की संघ कुणाचा असतो? सातबारा पाहिला, तर मालकाचा. त्यात खोटं काही नाही. आणि मालकाला नुसती नावं ठेवणंही मला पटत नाही. तो पैसा आला नसता, तर २०१३ ची ती रात्र ग्वांगझूनं पाहिली असती का? मला तर वाटत नाही. त्या रात्री बाबांच्या खांद्यावर बसून वाघांचा जयजयकार करणाऱ्या मुलाला जो आनंद झाला असेल, तो काही कर्जाचा नव्हता. तो अगदी खरा होता.

पण संघ एकाच खिशावर जगत असेल, तर तो खिसा फाटला की संघ सांडणारच. आणि हे काही ग्वांगझूचंच नशीब नाही. चीनमध्येच ज्यांग्सू नावाच्या संघानं नोव्हेंबर २०२० मध्ये लीग जिंकली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तो बंद पडला. विजेता होऊन चार महिनेही झाले नव्हते! त्याचा मालकही एकच कंपनी होती, आणि तीही पैशांच्या अडचणीत सापडली होती.

जर्मनीत लोकांनी यावर एक तोड काढली आहे. तिथल्या लीगचा नियम असा, की क्लबच्या कारभारात निम्म्याहून जास्त मतं क्लबच्या सभासदांचीच असली पाहिजेत. काही जुने अपवाद आहेत, पण बहुतेक क्लबांना तो लागू आहे. सभासद म्हणजे कोण? दरवर्षी वर्गणी भरणारी तुमच्या-आमच्यासारखी माणसं. शिक्षक, दुकानदार, आजोबा, नातवंडं. यानं क्लब कधीच हरत नाही किंवा अडचणीत येत नाही, असं नाही हं! पण एक माणूस रुसून किंवा बुडून सगळा खेळ मोडू शकत नाही. हजारो लोकांनी थोडं थोडं धरून ठेवलेलं एकदम हातून निसटत नाही.

यातलं थोडं आपल्या आसपासही बघण्यासारखं आहे. तुमच्या शाळेचा कबड्डीचा संघ असेल, वाचनालय असेल, गणेशोत्सवाचं मंडळ असेल. विचारून बघा, हे चालतं कुणाच्या पैशांवर? एकाच कुणा दानशूर काकांच्या, की घरटी गोळा केलेल्या वर्गणीवर? पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरायचा कंटाळा येतो खरा. कुणी दहा रुपये देतं, कुणी पन्नास, कुणी 'उद्या या' म्हणतं. पण त्या दहा रुपयांबरोबर त्या घराचा जीवही थोडा मंडळात गुंततो. पालकांनीही याचा जरूर विचार करावा. मोठा देणगीदार मिळाला, की आपण निश्चिंत होतो आणि वर्गणी मागणं सोडून देतो. खरी चूक तिथं होते.

जाता जाता त्या वाघाविषयी. ज्याच्यावरून संघाचं टोपणनाव पडलं, तो दक्षिण चीनचा वाघ रानात गेल्या कित्येक वर्षांत कुणाला दिसलेला नाही. पण तो अगदीच संपलेला नाही. प्राणिसंग्रहालयांमधून थोडे वाघ अजून आहेत, आणि त्यांची वाढ व्हावी म्हणून माणसं चिकाटीनं धडपडत आहेत.

ग्वांगझूच्या संघाचे आठ लीग चषक आणि आशियाचे दोन चषक इतिहासात कायम राहतील. ते कुणालाही पुसता येणार नाहीत. पण चषक काही खेळत नाहीत, खेळतात ती मुलं. छिंगयुआनच्या मैदानांवर शिकलेली पोरं आता जिथं जागा मिळेल तिथं, दुसऱ्या कुठल्या तरी रंगाच्या जर्सीत खेळतील. त्यांना असा एखादा संघ मिळो, जो कुणा एकाचा नसून पुष्कळांचा असेल!